डोकं दुखतंय? पित्त म्हणून सोडून देऊ नका

उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपवर हिमाचलमधल्या हम्प्टा पास आणि चंद्रताल तलावाचे बेत शिजू लागतात. सोबत सल्लेही येतात. त्यातला सर्वांत घातक म्हणजे, ‘दर रविवारी सिंहगड चढतोस, तुला काय होणार?’ सह्याद्रीत कमावलेला दम चढणीला कामी येतो, विरळ हवेपासून मात्र वाचवत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. हम्प्टा खिंड सुमारे ४,२७०. दम आहे म्हणून भरभर वर गेलेला तरुणही आजारी पडतो.

वरच्या हवेत ऑक्सिजनची टक्केवारी घटते, हाही गैरसमजच. ती तिथेही २१च असते. घटतो तो हवेचा दाब. खिंडीत तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर याला सरावतं, पण त्याला दिवस लागतात. त्यामुळे ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. ‘आपण गाडीनेच चंद्रतालला जाणार, चालायचंच नाही’ म्हणणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. मनालीहून एका दिवसात ते दोन हजार मीटरहून जास्त वर पोचतात. चालणारे निदान चिका, बालू का घेरा असे मुक्काम करत सरावत जातात.

कापूर हुंगल्याने नाकाला थंडावा मिळतो, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. डायमॉक्स लक्षणं झाकते, ही भीतीही खोटी. या गोळीमुळे मूत्रपिंड बायकार्बोनेट बाहेर टाकतं, श्वासाचा वेग वाढतो आणि शरीर लवकर सरावतं. पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि ती घेतली म्हणून मुक्काम गाळू नये.

आपल्याकडचा खास गैरसमज पित्ताचा. तंबूत डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण नको वाटतं. मग ‘पित्त झालंय’ म्हणून एक गोळी घेऊन माणूस सकाळी पुन्हा चढू लागतो. तीन हजारांच्या वर अशी डोकेदुखी उंचीचीच समजावी आणि ती थांबेपर्यंत वर जाऊ नये. शंका आली तर एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता त्याला खाली आणा. एकट्याला पाठवू नका.