सभासदांची वही कोणाच्या हाती?

आंबेडकरी समाजाच्या गावोगावच्या संस्थांमध्ये एक चांगले काम होताना दिसते. बौद्ध पंचायती, विहार समित्या, महिला मंडळे आपली जुनी सभासद नोंदवही संगणकावर चढवीत आहेत. कर्जत आणि खालापूर या रायगडच्या घाटपायथ्याच्या तालुक्यांतही शिकलेली मुले-मुली हे काम हौसेने अंगावर घेतात. त्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु हे काम म्हणजे नुसते टायपिंग आहे, अशी समजूत कार्यकारिणीच्या जुन्या मंडळींची आणि या मुलांचीही असेल, तर चार गोष्टी स्पष्टपणे सांगणे आम्हाला भाग आहे. ज्याच्या हाती सभासदांची वही, त्याच्या हाती संस्था, हा रोकडा व्यवहार आहे. वही कागदाची असो की संगणकातली, त्यात फरक पडत नाही.

गावगाड्यात लेखणी कुलकर्ण्याच्या हाती होती. गावाची शीव कुठून जाते, कोणता बांध कोणाचा, हे महाराला पाठ असे आणि शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मानली जाई. पण लिहिण्याचा अधिकार त्याला नव्हता. जे त्याला ठाऊक होते ते दुसऱ्याच्या दप्तरात, दुसऱ्याच्या सोयीने उतरले. सावकाराच्या चोपडीत तर अंगठा आपला आणि आकडा त्याचा! याच कर्जत तालुक्यातल्या माथेरानला १९१२ साली जन्मलेल्या भाई कोतवालांनी सावकारीच्या पाशातून कष्टकरी शेतकऱ्याला सोडविण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या. असली कोठी चालते कशावर? कोणी किती धान्य घातले आणि कोणी किती उचलले, या सर्वांना दिसणाऱ्या हिशेबावर. वही उघडी असेल तर ती माणसाला सोडविते, बंद असेल तर बांधून ठेवते.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे पुरते ओळखले होते. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदवून. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, स्वतः बाबासाहेब कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष, सीताराम शिवतरकर चिटणीस आणि खजिनदार वेगळा. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा निघाली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह करणारा हा महापुरुष घटना, नियम, सभासद आणि हिशेब यांची शिस्तही तितक्याच कटाक्षाने लावीत होता. आम्ही सत्याग्रह लक्षात ठेवला आणि वही विसरलो, असे म्हणण्याची पाळी येऊ नये.

नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याला परकी नाही, याचा पुरावा कर्जत तालुक्यातच आहे. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या शिल्पाजवळ ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. घाट चढून कार्ल्याला गेलो तर चैत्यगृहाच्या खांबाखांबांवर दान देणाऱ्यांची नावे आणि त्यांची गावे दिसतात. कोणी केले, तो कोणाचा, कुठला, हे लिहून ठेवावे एवढी जाण त्या माणसांना होती. आणि आज आपल्या विहाराच्या भिंतीला ज्यांनी विटा वाहिल्या त्यांची नावे नोंदवहीत सापडू नयेत?

या दोन तालुक्यांत सभासदांची नोंद बिघडायला कारणेही आहेत. एका बाजूला उल्हास नदीचे खोरे, दुसऱ्या बाजूला पाताळगंगेचे. मधून रेल्वे गेलेली. खोपोली आणि रसायनीच्या कारखान्यांनी काहींना नोकरी दिली, तर कर्जत-नेरळच्या लोकलने बाकीच्यांना कल्याण, उल्हासनगर, मुंबई गाठून दिली. घर गावी, नोकरी मुंबईत, मुलांची शाळा बदलापुरात, अशी कुटुंबांची विभागणी झाली. वहीत मात्र आजोबांचे नाव तसेच आहे. आजोबा कालकथित होऊन पंधरा वर्षे झाली, त्यांच्या नावावर वर्गणी थकलेली दिसते आणि जो नातू दर जयंतीला पावती फाडतो तो सभासदच नाही! दुसरीकडे नवी वस्ती झाली, भाड्याने राहायला माणसे आली, विहारात नियमित येऊ लागली. त्यांची दखल कोणत्याच पानावर नाही.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. त्याला कायदा उत्तर देतो. बाबासाहेबांनी ज्या १८६० च्या कायद्याखाली पहिली संस्था नोंदविली, त्याच कायद्याचे १५ वे कलम सभासद कोण हे सांगते. नियमाप्रमाणे दाखल झालेला, वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेला आणि राजीनामा न दिलेला माणूस तो सभासद. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली त्याला मत देता येत नाही, त्या कामकाजात तो सभासद म्हणून धरलाही जात नाही. म्हणजे सर्वसाधारण सभेत हात कोणी वर करायचा, हे वहीतला एक रकाना ठरवितो. तो रकाना कोणी तरी मर्जीने भरणार आणि बाकीचे तो पाहणारही नसतील, तर निवडणूक सभेच्या आधीच होऊन गेलेली असते.

याला जोडूनच दुसरे संकट येते. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज, म्हणजे आपल्या बोलीतला चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. तो दिला नाही तर सरकारी नोंदीत जुनीच नावे राहतात. विहाराची किंवा समाजमंदिराची जागा ज्यांच्या नावे, ते विश्वस्त हयात नाहीत आणि नव्यांची निवड झाली म्हणावे तर सभा बोलावलेले सभासद कोण, याचाच पुरावा नाही. कर्जत-खालापुरात जमिनीला आलेला भाव सर्वांना ठाऊक आहे. द्रुतगती मार्ग गेला, फार्महाऊस उठले, गुंठ्याचे व्यवहार लाखांत गेले. अशा काळात ज्या संस्थेची वही बरोबर नाही, तिची जागाही सुरक्षित नाही. उद्या वाद उभा राहिला तर घोषणा कामी येणार नाहीत. सभासदांची यादी, सभेची सूचना आणि इतिवृत्त हीच कामी येतील.

आता महिलांचे बघू. जुन्या वह्या घरटी आहेत. कुटुंबप्रमुखाचे नाव आणि पुढे घरातील माणसांचा आकडा. वर्गणीही घरटीच. वर्षावासात ग्रंथवाचनाला बसणारी, जयंतीचा स्वयंपाक सांभाळणारी, मोर्चाला पुढे असणारी बाई त्या आकड्यात कुठे तरी आहे, नावाने नाही. नवरा गेला की तिचे घर वहीतून गळते. माहेरी परत आलेली मुलगी तर कोणत्याच घरात धरली जात नाही. संगणकावर चढविताना हीच घरटी यादी जशीच्या तशी उतरविली, तर आपण जुनाच अन्याय नव्या यंत्रात भरला असे होईल. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी एवढे तरी करावे. घर हा घटक नको, व्यक्ती हा घटक हवा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र मत हवे. संस्थेच्या घटनेत घरटी सभासदत्व लिहिले असेल तर रीतसर ठराव करून घटना दुरुस्त करावी.

संगणकाचे काम करणाऱ्या तरुणांसाठी काही व्यवहारी सूचना. प्रत्येक सभासदाला एक कायमचा क्रमांक द्यावा. तो माणूस गेल्यावरही तो क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. मोबाईल नंबरला सभासद क्रमांक करू नये, कारण नंबर बदलतो आणि अनेक घरांत फोन एकच असतो. वय लिहू नये, जन्मतारीख लिहावी. वय पुढच्या वर्षी चुकते, तारीख चुकत नाही. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत असावे. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे दोन जाधव किंवा दोन गायकवाड सहज सापडतात आणि एकच माणूस तीन प्रकारच्या शुद्धलेखनाने तीनदा चढलेलाही सापडतो. मूळ गाव आणि सध्याचा पत्ता दोन्ही घ्यावेत. जुन्या याद्या श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत टाइप केलेल्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्यात, नाही तर नावे शोधता येणार नाहीत आणि अकारविल्हे लावताही येणार नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणाचीही ओळ पुसू नये. कालकथित, राजीनामा, थकबाकी, स्थलांतर अशी स्थिती तारखेसह लिहावी. माणूस गेला तरी तो सभासद होता हा इतिहास राहतो. प्रत्येक बदलापुढे त्याचा आधार द्यावा, म्हणजे पावती क्रमांक, अर्ज किंवा ठराव. बदल कोणी केला आणि केव्हा, हेही लिहावे. आणि जुनी वही संगणकावर चढली म्हणून रद्दीत घालू नये. वाद झाला तर मूळ पुरावा तीच आहे.

इथेच खरा धोका सांगितला पाहिजे. कागदाची वही विहाराच्या कपाटात असे, निदान चार जणांना ती दिसे. संगणकातली यादी एका माणसाच्या लॅपटॉपमध्ये जाते, पासवर्ड त्यालाच ठाऊक. तो रुसला, गटबाजीत गेला किंवा यंत्र बिघडले की संस्था आंधळी होते. जुना कुलकर्णी गेला आणि नवा आला, तोही आपल्यातलाच, एवढाच मग बदल! म्हणून यादीच्या दोन ठिकाणी प्रती असाव्यात, पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा आणि वर्षातून एकदा पूर्ण यादी छापून, पाने मोजून, अध्यक्ष-चिटणीसांच्या सह्यांनिशी दप्तरी लागावी.

दुसरा धोका बाहेरचा आहे. निवडणुका आल्या की आपल्या वस्तीची नावे आणि फोन नंबर यांना किंमत येते. सभासदाने माहिती संस्थेला दिलेली असते, उमेदवाराला नव्हे. ती परस्पर कोणाला देणे हा समाजाचा विश्वासघात आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. संस्थेला आवश्यक तेवढेच विचारावे. सभासदत्वासाठी आधार क्रमांक लागत नाही, बँकेचा खाते क्रमांक लागत नाही. जे घेतलेच नाही ते फुटण्याची भीतीही नाही.

यादीची किंमत खालापूर तालुक्याने फार दुःखाने पाहिली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी या ठाकर बांधवांच्या वाडीवर दरड कोसळली. वाडीत २२८ माणसे राहत होती असे शासनाने सांगितले. पण त्या रात्री घरात कोण होते, आश्रमशाळेत कोण होते, कामाला बाहेर कोण गेले होते, हे एकेक नाव जुळवीत बसावे लागले. २७ मृतदेह मिळाले आणि शोध थांबविला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. ढिगाऱ्याखाली कोणाला शोधायचे, हे अशा वेळी यादीच सांगते. ज्याचे नाव कुठेच लिहिलेले नाही, त्याला शोधायला कोणी जात नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर जनगणनेत घडते. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख भरली, त्यांतले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. त्यानंतरची २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. तीत जातीची नोंदही आहे आणि गणना डिजिटल पद्धतीने व्हायची आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलतींचा हक्क मिळाला. त्यामुळे धर्म बौद्ध आणि जात अनुसूचित, या दोन्ही नोंदी बिनचूक करता येतात, हे घराघरांत जाऊन कोण सांगणार? ज्या संस्थेजवळ आपल्या घरांची खरी यादी आहे, तीच प्रत्येक दारी पोचू शकते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, संसदीय कार्यपद्धती भारताला नवी नाही. भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी आणि गुप्त मतदान यांचे नियम माहीत होते. विनयात तर आजारी भिक्खूला सभेला येता आले नाही तर त्याची संमती दुसऱ्याने आणून कळवावी, अशी तरतूद आहे. मतशलाका वाटणारा भिक्खूही लोभ, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा लागे. यादी सांभाळणाऱ्याची निवड करताना हीच कसोटी आपण लावावी. संगणक येतो म्हणून ते पद देऊ नये. संगणक शिकविता येतो.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात माणसे विहारात जमतात. हेच तीन महिने या कामाला द्यावेत. पहिल्या महिन्यात दोघादोघांनी, त्यांत एक महिला असावीच, घरोघर जाऊन अर्ज भरून घ्यावेत. कल्याण-मुंबईच्या सभासदांना रविवारी गाठावे. दुसऱ्या महिन्यात यादी छापून विहाराच्या दारावर लावावी, फोन नंबर वगळून. हरकती लेखी घ्याव्यात, थकबाकीदारांना भरण्याची संधी द्यावी, कोणाचेही नाव त्याला विचारल्याशिवाय कमी करू नये. तिसऱ्या महिन्यात सर्वसाधारण सभेत यादी मोठ्याने वाचून मंजूर करावी आणि विश्वस्त बदलले असतील तर चेंज रिपोर्ट दाखल करावा. याला खर्च कागदाचा आणि चपलांचा.

ज्यांची नावे शतकानुशतके दुसऱ्यांनी, त्यांना वाटेल तशी लिहिली, त्यांच्या हाती आज लेखणी आहे आणि संगणकही आहे. या वहीत आपल्या एकाही माणसाचे, विशेषतः एकाही बाईचे नाव राहून जाता कामा नये. कार्यकर्त्यांनो, एवढे काम या वर्षावासात पुरे करा. जयभीम!