कस्तुरीची हवेली

मित्रांनो, वाडा तर आपण सर्वांनी पाह्यला आहे. पण कस्तुरीचा वाडा कुणी पाह्यला का?

वाशीम जिल्ह्यात कारंजा (लाड) हे गाव आहे. १९९८ पर्यंत ते आपल्या अकोला जिल्ह्यातच होते. तेथील एका जुन्या हवेलीला लोक 'कस्तुरीची हवेली' म्हणतात.

गोष्ट अशी सांगतात. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव फिरत होता. एवढा माल एकदम घेणारा कुणी भेटेना. कारंज्याच्या एका सेठजींच्या हवेलीचे बांधकाम तेव्हा चालू होते. त्यांनी सारी कस्तुरी घेतली आणि चुन्यात कालवायला सांगितली!

हे खरे असेल का? कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या बेंबीजवळच्या ग्रंथीत असते. हा मृग हिमालयासारख्या थंड डोंगरात राहतो. एका मृगापासून ती थोडीशीच मिळते, म्हणून फार महाग. उंट भरून कस्तुरी हे जरा जास्तच झाले!

पण कारंजा श्रीमंत होते, हे मात्र खरे. ती लाड व जैन व्यापाऱ्यांची मोठी पेठ होती. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यावर स्वारी करून मोठी लूट नेली. गावाच्या वेशींची नावे पहा : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. रस्ते कुठे जात होते, हे नावच सांगते.

जुना वाडा पाहताना भिंतीतला चुनाही पहावा. चुना व वाळू बैलाच्या घाणीत, दगडी चाकाखाली मळत. कुठे कुठे त्यात गूळ व बेलफळाचा गर घालत. असा चुना हवा लागून हळूहळू घट्ट होतो. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात घर थंड राहते. मधल्या चौकातून उजेड व वारा येतो.

आज असे वाडे पडत आहेत. कोरीव खांब जळाऊ लाकडाच्या भावात जातात. म्हणून वाडा पाहताना मालकांना विचारूनच आत जावे, भिंतीवर नाव कोरू नये.

पालकांनो, तुमच्या गावच्या वाड्याची गोष्ट मुलांना सांगा. मित्रांनो, तुम्ही ती आजी-आजोबांना विचारून लिहून आणा. वाडा पडला, तरी गोष्ट तेवढी राहील.