दिल्लीची खरेदी आणि मेट्रोचा हिशेब

आमच्या छोट्या व्यापाऱ्यांपैकी अनेकांची दिल्लीची एखादी तरी फेरी ठरलेली असते. कुणी किनारी-गोट्यासाठी जातो, कुणी हार्डवेअरसाठी, कुणी चष्म्याच्या फ्रेमसाठी, तर कुणी मोबाईलच्या सुट्या भागांसाठी. हाताशी रक्कम बेताची आणि दिवस दोन. त्यातला अर्धा दिवस रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यात जातो. कधी तो 'ओळखीच्या' दुकानात नेतो आणि त्याचे कमिशन आपल्या बिलात चढते. मग नफा दिल्लीतच संपतो. म्हणून या वेळी मालाच्या भावाऐवजी दिल्लीत फिरावे कसे, याबद्दल लिहीत आहोत.

दिल्ली मेट्रोची पहिली गाडी डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी अशी धावली. ई. श्रीधरन तेव्हा या कामाचे प्रमुख होते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोठा बदल जुलै २००५ मध्ये झाला. त्या वेळी पिवळी लाईन जुन्या दिल्लीच्या पोटातून, चावडी बाजार आणि चांदनी चौक करीत, पुढे केंद्रीय सचिवालयापर्यंत गेली. मे २०१७ मध्ये जांभळी लाईनही दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किल्ला करीत काश्मिरी गेटला पोहोचली. ज्या गल्ल्यांत हातगाडी अडकते, त्यांच्या तोंडाशी आता गाडी उतरवते.

कोणता माल, कोणते स्टेशन

नवी दिल्ली रेल्वे स्टेशनावर उतरलात तर अजमेरी गेटच्या बाजूने बाहेर या. तिथेच मेट्रो आहे. समयपूर बादलीकडे जाणारी पिवळी गाडी घ्या. पुढचेच स्टेशन चावडी बाजार: कागद, लग्नपत्रिका, पितळी सामान, नळ आणि हार्डवेअर. त्यापुढचे चांदनी चौक: किनारी बाजार, दरीबा कलाँची चांदी, भागीरथ पॅलेसचे विजेचे सामान, बल्लीमाराँचे चष्मे आणि पादत्राणे, खारी बावलीचा मसाला. जुनी दिल्ली रेल्वे स्टेशनही इथून जवळच.

पुणे, मनमाड, भुसावळकडून गोवा एक्स्प्रेसने जाणारे हजरत निजामुद्दीनला उतरतात. त्यांनी सराय काले खाँच्या बाजूने बाहेर पडावे. तिथून गुलाबी लाईनने लाजपत नगर आणि तिथे गाडी बदलून जांभळ्या लाईनने थेट जामा मशीद. एकदाच बदल, मध्ये कुणाला विचारायची गरज नाही.

सदर बाजारच्या कटलरी, खेळणी व बांगड्यांसाठी लाल लाईनवरचे तीस हजारी जवळ पडते. करोल बाग आणि गफ्फार मार्केट निळ्या लाईनवर; राजीव चौकहून तिसरे स्टेशन. संगणकाच्या सामानासाठी जांभळ्या लाईनवर नेहरू प्लेस.

मुरादाबादची बस धरायची तर निळ्या लाईनने आनंद विहार. इथे सावध राहावे. यमुना बँकनंतर निळी लाईन दोन फाट्यांत विभागते. आनंद विहारसाठी गाडीवर 'वैशाली' लिहिलेले पाहूनच चढावे, नाहीतर नोएडाला पोहोचाल.

आमच्या कारागीर बंधू-भगिनींसाठी दोन जागा महत्त्वाच्या. पहिली, आय.एन.ए. स्टेशनाजवळचे दिल्ली हाट. तिथे नोंदणीकृत कारागिरांना पाळीपाळीने गाळे मिळतात. दुसरी, प्रगती मैदान. तिथला आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा नोव्हेंबरात भरतो. त्या स्टेशनाचे नाव आता 'सुप्रीम कोर्ट' आहे. नकाशावर 'प्रगती मैदान' शोधत बसू नये. एकट्या जाणाऱ्या भगिनींनी लक्षात ठेवावे की गाडीचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो.

माल मात्र मेट्रोत नाही

आमचे लोक इथेच फसतात. मुंबईच्या लोकलला लगेजचा डबा असतो, दिल्ली मेट्रोला नाही. एका माणसाला एक बॅग, वजन २५ किलोपर्यंत, आकार ८० × ५० × ३० सेंटिमीटरच्या आत. याहून मोठा डाग यंत्राच्या तपासणीपाशीच थांबतो. कात्री, छिन्नी, पटाशी अशी धारदार हत्यारेही अडवली जाऊ शकतात.

चार गाठोडी बांधून स्टेशनावर जायचे, अडवले की दुप्पट भाड्याने टेम्पो शोधायचा आणि धावपळीत रेल्वेही चुकवायची, हा तोट्याचा धंदा झाला. मेट्रो खरेदीदाराला नेते, मालाला नाही, हे ध्यानात ठेवून खरेदीची रीतच बदलली पाहिजे. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने तीन-चार बाजार फिरा, भाव लिहून घ्या, नमुने तेवढे पिशवीत ठेवा. दुसऱ्या दिवशी जिथे भाव बसला तिथे सौदा करा आणि माल ट्रान्स्पोर्टने किंवा रेल्वे पार्सलने दुकानदाराकडूनच रवाना करा. पक्के जीएसटी बिल आणि बिल्टी हाती घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. माल पन्नास हजारांवरचा असेल तर ई-वे बिल लागते, ते कोण काढणार हे सौद्यातच ठरवा.

भाडे आणि वार

२५ ऑगस्ट २०२५ पासून भाडे दोन किलोमीटरपर्यंत ११ रुपये, १२ ते २१ किलोमीटरला ४३ रुपये आणि जास्तीत जास्त ६४ रुपये झाले. विमानतळाच्या लाईनचे दर वेगळे. रविवारी व राष्ट्रीय सुट्टीला दर कमी असतात. दोन दिवस फिरायचे तर स्मार्ट कार्ड घ्यावे. प्रत्येक फेरीला दहा टक्के सूट मिळते, दुपारी १२ ते ५ या वेळेत आणखी दहा टक्के. आपली खरेदीची वेळ नेमकी तीच.

स्वस्त तिकिटाच्या मोहाने मात्र रविवारी जुन्या दिल्लीला जाऊ नका. चांदनी चौक, चावडी बाजार आणि सदर बाजार रविवारी बंद असतात. करोल बाग सोमवारी. शुक्रवारी जुम्याची नमाज जामा मशिदीत पढायची असेल तर चावडी बाजारची खरेदी त्यानंतर ठेवावी, म्हणजे दोन्हींची घाई होत नाही.

मोठ्या व्यापाऱ्याचा दिल्लीत आडत्या असतो, गाडी असते. छोट्याजवळ यांतले काही नव्हते, म्हणून तो दुसऱ्याच्या बोटाला धरून बाजार पाहत होता. आता वीस-चाळीस रुपयांत तो स्वतः चार बाजारांचे भाव ताडून पाहू शकतो. चार ठिकाणी विचारून घेतलेला माल आणि एकाच ठिकाणी दाखवला तो घेतलेला माल, यांतला फरक गल्ल्यात दिसतो. जाण्याआधी मेट्रोचा नकाशा घरीच नीट पाहून घ्या, स्टेशनांची नावे कागदावर उतरवा आणि मगच रेल्वेचे तिकीट काढा.