विषारी वायूची औषधी मात्रा

बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मारेकरी असतो कार्बन मोनॉक्साइड. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. हीच पकड सिकलसेलच्या रुग्णांच्या उपयोगी पडेल का, याचा शोध १९६३ पासून चालू आहे.

सिकलसेल या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. मग ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनतात. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडे असह्य ठणकतात. कार्बन मोनॉक्साइड धरलेला रेणू मात्र ऑक्सिजन असल्यासारखाच आकार राखतो आणि त्या तंतूत शिरत नाही. आपले शरीरही जुने हीम मोडताना हा वायू किंचित तयार करते. मिनेसोटा विद्यापीठात सिकलसेल असलेल्या उंदरांमध्ये त्याच्या अल्प मात्रेने दाह कमी झालेला दिसला. मोजून पिता येईल असे त्याचे द्रवरूप औषधही आता माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचले आहे.

तरी घाई नको. या वायूने अडवलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहत नाही आणि या रुग्णांचे रक्त आधीच कमी असते. नायट्रिक ऑक्साइड या दुसऱ्या वायूकडूनही अशीच मोठी आशा होती. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५० रुग्णांवरील चाचणीत तो हुंगल्याने वेदनांचा झटका लवकर ओसरला नाही.

महाराष्ट्रात हा आजार नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत आढळतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने तो बरा होऊ शकतो. नवी मुंबईत खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये, टाटा स्मारक केंद्राच्या या संस्थेत, प्रत्यारोपणाचे तंत्र रुळलेले आहे. पण सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक, आणि खर्च पाड्यावरच्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा. बहुतेकांचा आधार हायड्रॉक्सियुरियाची गोळीच आहे. ती गर्भावस्थेतले, तंतू न बनवणारे हिमोग्लोबिन वाढवते.

भारतीय रुग्णांत हे हिमोग्लोबिन अनेकदा मुळातच जास्त असते. त्यामुळे परदेशातल्या चाचणीचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. वायूचे औषध येणार असेल, तर त्याची काटेकोर चाचणी इथल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीने आणि त्यांना परवडेल अशी किंमत डोळ्यांसमोर ठेवूनच व्हायला हवी. तोवर लग्नाआधी सिकलसेलसाठीची सोल्युबिलिटी टेस्ट ही रक्ततपासणी करून घ्यावी. आईवडील दोघेही ‘एएस’, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते.