ठिणगी नाही, तरी पेटतं!

सायकलच्या चाकात हवा भरलीत का कधी? आज भरा, आणि दहा-पंधरा दांडे जोरात मारून झाले की पंपाच्या खालच्या टोकाला हळूच बोट लावा. गरम लागेल! हवा दाबली की ती तापते. तुमच्या पंपात ती जरा कोमट होते, एवढंच. हीच हवा कुणी विसाव्या हिश्श्याइतक्या जागेत एका झटक्यात कोंबली तर? ती ५०० अंशांच्याही वर तापते. त्यात डिझेलचा फवारा सोडा, काडी नको, ठिणगी नको, भडकाच!

अवजड ट्रकचं इंजिन चालतं ते या भडक्यांवर. पण पहिल्या ट्रकमध्ये हे नव्हतं बरं का. १८९६ साली जर्मनीच्या गॉटलीप डाइमलरने पहिला मोटार-ट्रक बनवला, तो पेट्रोलवर चालायचा. ताकद किती? फक्त ४ अश्वशक्ती! दिसायला घोडागाडीच, फक्त घोडे गायब. तरी तो दीड टन माल न्यायचा, आणि त्याला गिऱ्हाईक मिळालं थेट लंडनचं.

त्याच सुमारास आउग्सबुर्ग गावात रुडॉल्फ डिझेल नावाचा इंजिनिअर वेगळ्याच खटपटीत होता. वाफेच्या इंजिनात कोळशातली बहुतेक उष्णता वाया जाते, हे त्याला बघवत नव्हतं. हवा दाबून इंधन पेटवायची कल्पना कागदावर झकास होती, पण १८९३ च्या पहिल्याच चाचणीत धडाम! दाब मोजायचं यंत्रच फुटलं. डिझेलसाहेब थोडक्यात वाचले. पुढची चार वर्षं ते चिकटून राहिले. १८९७ साली इंजिन नीट चाललं आणि इंधनातली २६ टक्के ऊर्जा त्याने कामाला लावली. त्या काळी हा विक्रमच होता.

मग ते लगेच ट्रकमध्ये का नाही बसवलं? अहो, बसवणार कुठे? उंची ३ मीटर, वजन साडेचार टन आणि ताकद जेमतेम २० अश्वशक्ती! म्हणजे ट्रकने स्वतःचं इंजिनच वाहायचं, मालाला जागा नाही.

खरी अडचण मात्र फवाऱ्याची होती. सिलिंडरमध्ये आधीच कोंडलेली हवा ढुशी देत असते. तिच्यात इंधन घुसवायचं तर त्याहून जास्त दाबाची हवा लागे, आणि ती तयार करायला आणखी एक यंत्र, कॉम्प्रेसर. त्याला फाटा द्यायला पाव शतक लागलं. बेंझ कंपनीने १९२३ साली डिझेल ट्रक चालवून पाहिला. १९२४ मध्ये मान कंपनीने नळीच्या बारीक भोकांतून इंधन थेट आत फवारलं आणि आपला ट्रक आउग्सबुर्गहून न्युरेंबर्गला नेला. सुमारे १४० किलोमीटर, साडेपाच तास! शर्यतीतला सायकलपटू त्याला सहज मागे टाकेल. पण इंजिन ट्रकमध्ये मावलं, हीच मोठी गोष्ट. १९२७ पासून बॉश कंपनी फवाऱ्याचे पंप कारखान्यात घाऊक बनवू लागली, तसा डिझेल ट्रक स्वस्तात धावू लागला.

हे बघायला रुडॉल्फ डिझेल मात्र नव्हते. १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना रात्रीतून ते बोटीवरून नाहीसे झाले.

आपल्याकडे १९५४ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डाइमलर-बेंझशी हातमिळवणी केली आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पुण्याच्या कोथरूडमध्ये किर्लोस्कर कमिन्स कंपनीचा डिझेल इंजिनांचा कारखाना १९६२ साली सुरू झाला.

घरी पेट्रोलची स्कूटर असेल तर बाबांना किंवा ताईला तिचा स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, दाखवायला सांगा. डिझेल ट्रकवाल्या काकांकडे मात्र तो मागू नका, ते हसतील!