रंगाखालचं अस्तर

पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांतल्या गणपती कारखान्यांत वाळलेल्या मूर्तीवर थेट रंग देत नाहीत. शाडू असो की प्लास्टर, कोरडा पृष्ठभाग ओला रंग झटकन पिऊन टाकतो. म्हणून आधी पॉलिश पेपरने घासणं, मग पांढरा हात, त्यावर अंगाचा रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. पांढरा हात कमी-जास्त बसला, तर पितांबराचा पिवळा कुठे फिका, कुठे गडद दिसतो.

इंकजेट छपाईतही पेच तोच आहे, मात्र तो डोळ्यांना दिसत नाही. प्रिंटरमधून पडणारा थेंब काही पिकोलिटरचा असतो. लिटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोलिटर. घरगुती प्रिंटरच्या शाईत बहुतांश पाणीच असतं. साध्या कागदावर हे पाणी तंतूंच्या वाटेने पसरतं, शाई फुटते, रंग खोल मुरून मलूल होतो आणि कागदाला लाटा येतात. ग्राहक मात्र दोष प्रिंटरला देतो.

फोटो पेपरवर सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या चिकट द्रव्याने ते कण एकमेकांना धरून राहतात. कणांमधल्या पोकळ्या पाणी खेचून घेतात, रंग वरच राहतो. विरघळणाऱ्या रंगांवर सहसा ऋण विद्युतभार असतो, म्हणून थरात धनभारित पॉलिमर मिसळतात. तो रंगाला जागच्या जागी पकडतो. ठिपका लहान, गोल आणि भरदार उमटतो. छायाचित्राचा सगळा तजेला या थरातून येतो.

दुसरा प्रकार फुगणाऱ्या थराचा. त्यात जिलेटिनसारखं पॉलिमर शाई शोषून फुगतं आणि वाळताना रंगाला आत बंद करतं. त्यामुळे हवेतल्या ओझोनपासून रंग वाचतो. पहिल्या, सच्छिद्र थरात तो उघडा राहतो आणि लवकर विटू शकतो. पण फुगणारा थर सावकाश सुकतो. रायगडच्या दमट पावसाळ्यात असा फोटो घाईने अल्बममध्ये घातला, तर चिकटण्याची भीती खरी आहे.

रंगद्रव्यांच्या शाईचं गणित वेगळं. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीजचा रंगद्रव्यांचा कारखाना आहे. रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण तरंगत असतात. इंकजेटसाठी ते साधारण १०० नॅनोमीटरपर्यंत दळावे लागतात. हे कण उन्हात टिकतात, पण चकचकीत थरावर वरच बसल्याने घासले जाऊ शकतात. म्हणूनच काही व्यावसायिक प्रिंटरांत चकचकीत आणि मॅट कागदासाठी काळी शाईच वेगवेगळी असते.

चौकातल्या फ्लेक्सला असा थर लागत नाही. सॉल्व्हंट शाईतलं द्रावक पीव्हीसीचा पृष्ठभाग किंचित मऊ करतं आणि रंग तिथेच रुततो. पाण्याच्या शाईचे थेंब मात्र त्याच फ्लेक्सवर ओघळतील.

दुकानात कागद घेताना म्हणूनच थर सच्छिद्र आहे का, तो एका बाजूला आहे की दोन्ही, हे विचारावं. प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकारही अचूक निवडावा, कारण किती शाई सोडायची हे यंत्र त्यावरूनच ठरवतं. एका बाजूला थर असलेला फोटो पेपर उलटा बसला, तर महागडी शाईही मागच्या प्लास्टिकवर ओलीच राहते.