परप्रांतीयाचे मन आणि आपले गाव

गोदाघाटावरील तीर्थोपाध्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. दूरचा यात्रेकरू आला की उपाध्ये त्याचे गाव व आडनाव विचारतात, वही काढतात आणि त्याच्या आजा-पणजाचे नाव वाचून दाखवितात. नाशकात प्रथमच पाऊल ठेवणारा तो माणूस मग परका राहत नाही. याच शहरात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडील अनेक कामगार राबतात. त्यांचे नाव मात्र आपण क्वचितच विचारतो. ‘ए भय्या’ एवढ्यावर आपले काम भागते. या वागणुकीचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

१९३२ साली ओडेगार या नॉर्वेजियन मनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेतील मिनेसोटात स्थायिक झालेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायदेशी राहिलेल्यांपेक्षा त्यांच्यात छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. मुळात कमकुवत मनाची माणसेच देश सोडतात, असा त्याने तर्क केला. पुढील संशोधनात तो अपुरा ठरला. नेदरलँड्समधील हेग शहराविषयी २००७ व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की ज्या समाजांना भेदभाव अधिक सोसावा लागतो त्यांच्यात तीव्र मनोविकारांचे प्रमाणही अधिक असते. आणि आपली माणसे शेजारी थोडी असली, की हा धोका वाढतो. म्हणजे दोष केवळ प्रवासाचा नव्हे, की त्या माणसाच्या स्वभावाचाही नव्हे; ज्या गावी तो येतो, त्या गावाच्या वागण्याचाही त्यात वाटा असतो. बहुसंख्य स्थलांतरित आजारी पडत नाहीत, हे खरे. पण उडालेली झोप, सदैव सावध राहणे, चारचौघांत आपली भाषा दबक्या आवाजात बोलणे, हा भार कित्येक जण मुकाट्याने वाहतात.

हा अनुभव आम्हां मराठी माणसांना नवा नाही. कोकणातून मुंबईच्या गिरणगावात गेलेले आपले आप्त एकेका खोलीत दाटीने राहिले, पाळीपाळीने झोपले. पण खोलीत गावची माणसे होती, खानावळवालीच्या हातचे जेवण होते, गावकीचे मंडळ आणि भजन होते. त्या आधारावर त्यांचे मन तगले.

आम्ही काय केले? फेब्रुवारी २००८ मध्ये नाशकात उत्तर भारतीयांवर हल्ले झाले. हजारो कामगार गावी परतले आणि कारखान्यांतील कामे खोळंबली. स्थानिक तरुणाला रोजगार मिळावा ही मागणी रास्तच आहे. पण तिचे उत्तर सरकारकडे व कारखानदारांकडे मागावयाचे असते, पाणीपुरीच्या गाडीवाल्याकडे नव्हे. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात देशातील पहिल्या श्रमिक गाड्या सुटल्या. त्यांत नाशिकहून भोपाळला आणि लखनौला जाणाऱ्या गाड्याही होत्या.

देशात कोठेही राहण्याचा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. आपलेपणा मात्र कायद्याने देता येत नाही; तो शेजाऱ्यानेच द्यावा लागतो. भाड्याची खोली देताना प्रांत आड येऊ न देणे, मंडळाच्या वर्गणीबरोबर आरतीलाही बोलावणे, मुलाला शाळेत कोणी चिडवीत असेल तर दटावणे, एवढे प्रत्येकास करता येईल. कोणाचे मन फारच खचलेले दिसले, तर १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो, हे त्याला सांगावे. पण त्याचे मन खचले आहे हे कळण्यासाठी आधी त्याची ओळख हवी. तेव्हा प्रारंभ त्याचे नाव विचारण्यापासून करावा, अशी आमची विनंती आहे.